गावच्या नाटकात प्रेम कुणाचं रंगतं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. आमचं गाव वाई तालुक्यात, यात्रा चैत्रात. पहिली रात्र पालखीची, दुसरी तमाशाची, तिसरी गावच्या पोरांच्या नाटकाची, अशी जुनी वहिवाट. मधे काही वर्षं नाटक बंद पडून ऑर्केस्ट्रा शिरला होता. यंदा पुन्हा नाटक करायचं ठरलंय. कमिटीच्या बैठकीत तरुण पोरं म्हणाली, प्रेमाचं नाटक पाहिजे. प्रेमाचं म्हणजे काय? एक मुलगा, एक मुलगी, मधे मुलीचा बाप, शेवटी हार.

माझं म्हणणं असं की गावच्या स्टेजवर सगळ्यात जास्त फसतं ते हेच प्रेम. समोर बसलेल्या प्रत्येकाला नायक घरचा माहीत असतो. त्याचं डेअरीचं बिल, त्याचं मोडलेलं लग्न, सगळं. नायिका गावातली असली तर तिचा चुलता पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेला. मग दोघं चार हात अंतर राखून 'तुझ्याशिवाय जगणं अशक्य आहे' असं एकमेकांना माइकवरून कळवतात. पूर्वी आमच्याकडे सांगली-मिरजेहून नटी आणायचे. बाई दुपारच्या एसटीने उतरायची. चालत्या नाटकांच्या सगळ्या नायिका तिला तोंडपाठ. संध्याकाळी नायकाबरोबर एकदा नक्कल (संवादांची वही) वाचायची आणि रात्री त्याच्या प्रेमात पडायची. ती आरामात, नायक घामाघूम.

याच स्टेजवर बहीण-भाऊ, म्हातारा-म्हातारी, बाप-लेक, दोन मित्र असले की मात्र मांडवात शेंगा फोडण्याचा आवाज बंद होतो. हे मी लहानपणापासून बघतोय.

तर विचारायचं असं: तुमच्याकडच्या स्थानिक नाटकात, मग ते गावचं असो, जत्रेतलं असो, सोसायटीतलं असो की परदेशातल्या मंडळाचं, कुठलं प्रेम रंगलेलं पाहिलंत? आणि आम्ही काय करावं? पात्रं सात-आठ, त्यात बायका दोन किंवा तीन, सेट एकच, आणि प्रेक्षक जेवून-बिवून येणारे.

तिसरी घंटा

पहिला! त्या 'बिवून'साठी आमच्याकडे वेगळी रांग असते.

तिरकस

कानेटकरांनी 'प्रेमा तुझा रंग कसा' असं १९६१ मध्ये नाटकाच्या नावातच विचारून ठेवलंय. यात्रा कमिटीला अजून एकच रंग ठाऊक आहे.

झाडीवाला

धागाकर्त्याचं अर्धं पटलं. मी गडचिरोली जिल्ह्यातला, वडसा माझं स्टेशन (कागदावर देसाईगंज). गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई (म्हणजे आमची जत्रा) भरते, पाहुण्यांनी घरं भरतात, कुठे दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. वडशात नाटक कंपन्यांच्या ऑफिसांची रांगच आहे. गावची मंडळं तिथे येऊन तारीख बुक करतात, तिकीट लावून खेळ करतात. २०२३ मध्ये आमचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी नकाशावर शोधली.

आता मुद्दा. आमच्याकडे नट्या व्यावसायिक, बहुतेक बाहेरगावच्या. म्हणजे पहिल्या रांगेतल्या चुलत्याचा प्रश्न नाही. नायक-नायिकेची गाणी होतात, पोरं शिट्ट्या मारतात, वन्स मोअर घेतात. तरीही रात्री दोन वाजता मांडव धरून ठेवतं ते भावाचं प्रेम. आमच्या नाटकांची पोस्टरं बघा: कुंकू, माय, भाऊ, लेक, माहेर. यातला एक तरी शब्द नसेल तर तं नाटक बुक होत नाही राजेहो!

याचं कारण मला प्रेक्षकांत दिसतं. मंडईला सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात. भाऊबीज नुकती झालेली. स्टेजवरचा भाऊ बहिणीच्या लग्नासाठी धुरा (शेताचा बांध) विकतो, किंवा वहिनीचं ऐकून बहिणीला दारातून परत पाठवतो. खाली खरी बहीण खऱ्या भावाशेजारी बसलेली असते आणि पलीकडे वहिनी. त्या वेळी स्टेजकडे पाहू नका, या तिघांकडे पाहा. मी पाहिलंय: भाऊ उगाच उठून चहा आणायला जातो.

बाकी तरुणांच्या प्रेमाचं म्हणाल तर ते स्टेजसमोरच जमतं. मंडईला सोयरे जमतात, मुलगी दाखवतात, मग दोन्ही घरं एकत्र नाटकाला बसतात. पहाटेपर्यंत पोरगा-पोरगी एका मांडवात, आणि कुणाची हरकत नाही.

तिसरी घंटा

@झाडीवाला, चहा आणायला जाणारा भाऊ! आमच्याकडे तो मोबाइल काढतो.

माडाखाली

तुमी म्हणतास ता बरोबर, पण दशावतारात ह्या कायच लागू पडणा नाय.

(पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी स्क्रोल करून जातील.) आमच्या सिंधुदुर्गात स्त्रीची भूमिका पुरुषच करतो, स्त्रीपार्टी म्हणतात. त्यामुळे राजाने राणीला जवळ घेतलं तरी कुणाचा चुलता उठत नाही. धागाकर्त्याची सगळी अडचण आमच्या बापजाद्यांनी कधीच सोडवून ठेवलीय.

आणि लिहिलेली संहिता नाही! तोंड रंगवायला बसताना आख्यान कुठलं, कोण कुठल्या भूमिकेत, प्रवेश कसे लागणार एवढं ठरतं. संवाद तिथल्या तिथे. म्हणून आमच्याकडे प्रेमाचा प्रवेश म्हणजे वादाची बारी. नवरा वनवासाला किंवा युद्धाला निघालाय, बायको अडवतेय. तो शास्त्राचा दाखला देतो, ती त्याच शास्त्रातला दुसरा दाखला देऊन त्याला बसवते. दोघं तयारीचे असले की अर्धा-पाऊण तास चालतं आणि देवळासमोरची म्हातारी माणसं 'बरोबर बोलला चेडू' म्हणून माना डोलावतात. एवढं नेमकं बोलणाऱ्या बाईवर राजा भाळला हे पटतं आपल्याला. छापील संवादांत मला ते क्वचितच पटलंय.

आमची आजी एका स्त्रीपार्टीची इतकी चाहती की तिने स्वतःचं ठेवणीतलं लुगडं त्याला दिलं होतं. आजोबांना आयुष्यात तिने एवढी प्रेमाने वस्तू दिल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

तिरकस

आजोबांनी दाखले दिले नसतील.

सदाशिव

धागा छान चाललाय म्हणून पाणी ओततो. बहीण-भाऊ, बाप-लेक, गाव, देश, म्हशी, सगळ्याला प्रेम म्हणायचं हल्ली फॅड आहे. तो जिव्हाळा, ती माया, तिसरी भक्ती. नाटकात प्रेम म्हणजे शृंगार आणि रसांत पहिला मान त्याचा. तरुण पोरं बरोबर मागतायत. तुम्हाला तो करता येत नाही म्हणून बहीण-भावाच्या आड लपू नका. १९११ मधलं 'मानापमान' घ्या. धैर्यधर आणि भामिनी, श्रीमंत बापाच्या मुलीची घमेंड आणि कंगाल सेनापतीचा ताठा. त्यात कोण कुणाला हात लावतं? तरी शंभर वर्षं रंगतंय.

रंगपट

@सदाशिव, भरताने आठ रस सांगितले, शांत मागून आला, आणि वात्सल्याला पुढच्या पंडितांनी जागा करून दिली. म्हणजे यादी वाढवायचं फॅड 'हल्ली'पेक्षा बरंच जुनं आहे. हलके घ्या.

पण तुमच्याच संगीत नाटकातलं उदाहरण देतो. किर्लोस्करांचं 'सौभद्र', १८८२. लोक म्हणतात अर्जुन-सुभद्रेची प्रेमकथा. मी तीन वेगवेगळ्या गावांच्या हौशी मंडळींकडून पाहिलंय, त्यांतल्या दोन ठिकाणी अर्जुन पन्नाशीचा होता आणि तिसऱ्या ठिकाणी त्याचा 'सा' लागत नव्हता. नाटक तिन्ही ठिकाणी पडलं नाही. कारण ते कृष्णाचं आहे. थोरला भाऊ बलराम बहीण दुर्योधनाला द्यायला निघालाय, तिला ते नकोय, आणि धाकटा भाऊ थोरल्याशी उघड भांडण न करता बहिणीला तिच्या आवडत्या माणसाबरोबर पळून जायची सगळी सोय करून देतो. संन्यासी बनवून अर्जुनाला घरात आणतो! बहिणीच्या मनातलं ओळखून तिच्यासाठी खोटं बोलणारा भाऊ. याला प्रेम नाही तर काय म्हणायचं?

आणि हेच गाव, सुभद्रेला टाळ्या देणारं, सकाळी आपल्या पोरीने तसं केलं तर कोयता काढतं. दीडशे वर्षं होत आली, टाळ्या चालू आहेत, कोयतेही चालू आहेत.

कृष्णाकाठ

@रंगपट, शेवटचं वाक्य कमिटीत वाचून दाखवू का? नको. मला गावात राहायचंय.

वाचनवेडी

'संगीत शारदा' सुचवू का? १८९९ चं आहे, पण पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात मारली जाणारी पोर अजून कळते लोकांना. त्यात खरं प्रेम कोदंडाचं. मुलगी देखणी आहे म्हणून तो तिच्यामागे लागत नाही, अन्याय होतोय म्हणून उभा राहतो. त्यावरूनच तर शारदा कायदा आला ना?

रंगपट

नाही नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. ते अजमेरचे. देवलांच्या शारदेचा त्या नावाशी संबंध नाही, पण हा गैरसमज इतका गोड आहे की दर गणपतीत कुणीतरी निवेदनात सांगतंच.

पेडणेकरीण

गोव्याहून हजेरी. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावचं नाटक नसेल तर देव कोपतो अशी समजूत असल्यासारखे लोक नाटक करतात. संगीत नाटकं अजून गावातलीच माणसं करतात. पेटीवर भटजी, तबल्यावर बँकेतला कॅशियर. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला हीच गावची मंडळं उतरतात आणि व्यावसायिकांना घाम फोडतात.

आमच्या वाड्यावर बरेचदा 'संशयकल्लोळ' होतं. धागाकर्त्याला सांगायचं ते हे की तरुण जोडीपेक्षा फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची जोडी जास्त चालते. संसारात मुरलेली माणसं, तो तिच्यावर संशय घेतो, ती त्याच्यावर. संशय हेसुद्धा प्रेमाचंच एक पिसाट रूप आहे, नाहीतर एवढा त्रास कोण घेईल? आणि ही दोन्ही कामं गावातले खरे नवरा-बायको करतात तेव्हा तालमीलाच अर्धा गाव जमतो. एका वर्षी त्यातल्या नवऱ्याने संहितेत नसलेला एक प्रश्न विचारला. बायकोने संहितेत नसलेलं उत्तर दिलं. दिग्दर्शक मधे पडला म्हणून पहिला अंक संपला.

तिसरी घंटा

प्रश्न काय होता ते न सांगता जाणं हा सदस्यत्व रद्द होण्याजोगा गुन्हा आहे.

पेडणेकरीण

लग्नात मिळालेल्या एका अंगठीबद्दल होता. पुढचं विचारू नका, दोघंही या धाग्यावर येऊ शकतात.

गिरणगाव

मुंबईतलं स्थानिक कुणी धरत नाही म्हणून लिहितो. माझं बालपण परळ-लालबागचं. चाळीतल्या प्रत्येक खोलीत रत्नागिरीतल्या कुठल्या ना कुठल्या गावची मंडळी, आणि प्रत्येक गावाचं मुंबई मंडळ. गावच्या देवळाचं छप्पर, शाळेची खोली, पाण्याची टाकी, काहीही करायचं असलं की दामोदर हॉल नाहीतर गिरगावचं साहित्य संघ घेऊन नमनाचा, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाट्याचा, प्रयोग. आधी गण, मग गवळण, तिच्यात मावशीचा धुमाकूळ, मग वगनाट्य. दिवसा गिरणीच्या खात्यात काम केलेली माणसं रात्री तालमीला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तालमी मात्र चालू राहिल्या. पुढे रिक्षा चालवणारे, वॉचमन, कुरियरवाले तेच काम करू लागले.

त्यात प्रेम कुठलं? गावावरचं. वर्षातून दोनदा, गणपती आणि शिमग्याला दिसणाऱ्या गावावर माणसं नोकरीइतका वेळ खर्च करत होती. वगनाट्यात राजा-राणीचं जे काही असेल ते असो, तिकीट घेणारा माणूस देवळाच्या छपरासाठी आलेला असायचा. भिकार प्रयोगालाही तो शेवटपर्यंत बसायचा.

सदाशिव

@गिरणगाव, हे वाचून बरं वाटलं, पण हा वर्गणी गोळा करण्याचा मार्ग झाला. नाटकातलं प्रेम नव्हे.

गिरणगाव

वर्गणी देणारे तुमच्या ओळखीचे दिसत नाहीत, काका. हाताला चिमटा घेतल्याशिवाय देत नाहीत. इथे स्वतःहून द्यायचे.

संहिता

इतके प्रतिसाद झाले आणि एक रंग कुणी काढलाच नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी, रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा. म्हणजे मराठी रंगमंच न्यायालयाच्या सदतीस वर्षं आधी तिथे पोचला होता. मात्र तेंडुलकरांनी तिची गोष्ट सांगायला बापू नावाचा मुलगा ठेवला, जो तिच्यावर जीव टाकतो आणि ज्याला तिच्याकडून मैत्रीपलीकडे काही मिळणार नाही. मला त्या बापूचं प्रेमही तितकंच महत्त्वाचं वाटतं. त्याला काहीच मिळत नाही आणि तरी तो तिच्याबद्दल वाईट बोलत नाही.

आम्ही कॉलेजात असताना जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत हॉस्टेलवरच्या दोन मुलींची एकांकिका केली होती, आमचीच लिहिलेली. कुणी खुर्च्या फेकेल, प्राचार्यांकडे तक्रार जाईल, अशी तयारी ठेवून गेलो होतो. परीक्षकांच्या शेऱ्यात एवढंच होतं: दुसऱ्या मुलीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. प्रयोगानंतर एका मुलीची आई रंगपटात आली, डबा हातात, आणि विचारलं, 'शेवटी त्या दोघी एकत्र राहतात ना? तुम्ही स्पष्ट दाखवलं नाहीत.'

तिरकस

त्या काकूंना परीक्षक करा.

अनाहूत

@संहिता +१. @माडाखाली, एक विचारू? स्त्रीपार्टी स्टेजवर अर्ध्या रात्रीपुरता राणी असतो. खाली उतरल्यावर काय? सगळा धागा प्रेमाच्या रूपांवर आहे, मग त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल आपण फक्त लुगड्याचा किस्सा सांगून पुढे जाणार का?

माडाखाली

प्रश्न रास्त आहे. बहुतेकांची घरं आहेत, बायको-मुलं आहेत, शेती नाहीतर नोकरी आहे. गावात मान आहे, लांबलांबून लोक नाव विचारत येतात. टिंगलही होते, विशेषतः पोरं दारू पिऊन आली की. मी ओळखतो त्यातला एकजण मात्र असा होता की त्याला स्टेजच बरं वाटायचं, उरलेला दिवस नाही. तो याबद्दल कुणाशी बोलला नाही, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही. कंपनीतल्या लोकांना माहीत होतं. त्यांनी त्याला कधी छेडलं नाही, आणि बाहेरच्या कुणाला छेडू दिलं नाही. रात्रभर पेटाऱ्यावर शेजारी-शेजारी बसून तोंड रंगवणारी माणसं ती. यालाही तुमच्या यादीत कुठेतरी जागा द्या.

अनाहूत

धन्यवाद. दिली.

आणि यादीच करतोय तर विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' विसरू नका. पाच नवरे असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्ण येतो आणि झाडावरून उतरलेलं जांभूळ तिचं गुपित उघडं पाडतं. ज्या लोककलेला आपण पारंपरिक म्हणून हात जोडतो, ती बाईच्या मनातल्या सहाव्या पुरुषाबद्दल उभ्या मांडवात गाते. शहरात १९९१ मध्ये 'चारचौघी'तल्या धाकटीला दोन मुलगे आवडतात म्हटल्यावर केवढा गहजब झाला होता!

वाचनवेडी

वा! वाईच्या यात्रेत 'चारचौघी' करा, पुढच्या वर्षी कृष्णाकाठ आपल्याला न्यू जर्सीहून लिहितील.

खाडीपार

न्यू जर्सी नाही, पण कॅलिफोर्नियातून लिहितेय. आमच्या मंडळाच्या नाटकांत सगळे इंजिनियर. तालमी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, सेट भाड्याच्या ट्रकमधून, प्रॉम्प्टिंग टॅबलेटवरून.

दरवर्षी विनोदी करतो. एका वर्षी दिग्दर्शक हट्टाला पेटला आणि जयवंत दळवींचं 'संध्याछाया' घेतलं. नाना-नानी, दोन म्हातारी माणसं, मुलगा अमेरिकेत. पुण्यात हे नाटक बघताना सहानुभूती म्हाताऱ्यांकडे जाते आणि प्रेक्षक हळहळत घरी जातो. आमच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं बसली होती, ती सगळी त्या न आलेल्या मुलाच्या बाजूची! मध्यंतरात बाहेरच्या पार्किंगमध्ये निम्मे लोक फोनवर. भारतात तेव्हा भल्या पहाटेची वेळ, सगळ्यांचे आई-वडील दचकून उठले असणार.

त्या नाटकात मला सगळ्यात आवडतं ते नाना-नानींचं एकमेकांशी चाललेलं फुटकळ बोलणं. औषध घेतलंस का, दिवा लावलास का. कुठेही 'माझं तुझ्यावर' वगैरे नाही. आमच्या नानाचं काम करणाऱ्या गृहस्थांना पाठांतर जमत नव्हतं आणि नानीचं काम त्यांच्या खऱ्या बायकोकडे होतं. ती प्रत्येक वाक्याआधी त्याचा पहिला शब्द पुटपुटायची. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. कौतुक झालं.

रंगपट

प्रॉम्प्टर-बायको! हा खरा विषय आहे. प्रॉम्प्टर या जमातीवर वेगळा धागा हवा. विंगेत वाकून बसायचं, स्वतःला सगळं नाटक पाठ, टाळी मात्र दुसऱ्याला.

झाडीवाला

आमच्याकडे प्रॉम्प्टरशिवाय पानही हलत नाही. रात्रभराचं नाटक, हंगामात रोज वेगळं गाव, नटांच्या रोज वेगळ्या भूमिका. कोण पाठ करणार?

तिरकस

मघापासून सगळे भावनांनी ओथंबलेत म्हणून एक विरोध नोंदवतो. भाऊ-बहीण ठीक, म्हातारा-म्हातारी ठीक. पण आईचं प्रेम दाखवणारी जी नाटकं गावोगाव चालतात, त्यांतली निम्मी म्हणजे वसुली आहे. आई उपाशी राहते, सून दुष्ट, मुलगा नालायक, शेवटी आई मरते आणि मुलगा छाती पिटतो. प्रेक्षकांतल्या प्रत्येक सुनेला तीन तास आरोपीच्या पिंजऱ्यात बसवायचं. याला प्रेम म्हणता? ही सासूंच्या संघटनेची सभा झाली.

वाचनवेडी

टाळ्या! मी सून म्हणून बोलतेय. आमच्या गावी असं नाटक असलं की सासूबाई मला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवायच्या.

झाडीवाला

@तिरकस, टीका मान्य, पण अर्धीच. आमच्या मांडवात सुनाही रडतात. कारण त्यांना स्टेजवरच्या म्हातारीत स्वतःची आई दिसते, सासू नाही. एकाच प्रवेशावर सासू आणि सून दोघी रडतायत, वेगवेगळ्या बाईसाठी.

तिरकस

हे मात्र मला सुचलं नव्हतं.

रंगपट

रक्ताच्या नात्याचं प्रेम वसुली होतं म्हणूनच शिरवाडकरांनी 'नटसम्राट'मध्ये (१९७०) बेलवलकरांना शेवटी आसरा दिला तो बूटपॉलिशवाल्या राजाकडे. मुलगा-मुलगी वाटण्या घेऊन मोकळी, आणि कुणाचा कोण तो पोरगा म्हाताऱ्याला सांभाळतो. बायकोला 'सरकार' म्हणणारा बेलवलकर सगळे लक्षात ठेवतात, नकला करतात. गावात 'नटसम्राट' करणारे बहुतेक हौशी नट स्वगतांसाठी करतात आणि राजाचं काम कुणातरी चुणचुणीत पोराला देऊन टाकतात. तिथे नाटक निसटतं.

संहिता

बायकांची पात्रं दोन आहेत म्हणालात म्हणून: प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' (२०१७) अख्खं दोघींवर आहे. तुकोबांची आवली, पायात काटा रुतलेली, आणि तिची सेवा करायला आलेली रखुमाई. दोघींचेही नवरे एकमेकांत गुंतलेले. देवावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या बायकोने काय करायचं, हा प्रश्न वारकरी गावात नीट पोचेल. मात्र दोघी गाणाऱ्या हव्यात आणि पाण्याचा, नदीचा भास उभा करणारी प्रकाशयोजना हवी. यात्रेच्या हॅलोजनवर जमणार नाही.

सदाशिव

आवलीला प्रेम म्हणायला माझी हरकत नाही. एवढंच लिहायला लॉगिन केलं.

तिसरी घंटा

सदाशिव काका विरघळले, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कृष्णाकाठ

मंडळी, कालच्या बैठकीचा वृत्तांत. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते (कोयत्याचा सोडून).

पोरांना सौभद्र सांगितलं. म्हणाली, गाणार कोण? बरोबर आहे. मग संध्याछायाचं कथानक सांगितलं. एक पोरगा म्हणाला, गावातली निम्मी घरं तशीच आहेत, पोरं पुण्याला कंपनीत, घरात दोघंच म्हातारी, यात्रेच्या दिवशी तेच कशाला दाखवायचं? त्यावर आमचे एक निवृत्त गुरुजी बोलले, 'यात्रेच्या दिवशीच दाखवायचं, कारण पोरं त्याच दिवशी गावात असतात.' मग कुणी काही बोललं नाही. नाटक ठरलं.

नानाचं काम गुरुजी करणार, म्हणजे त्यांनीच जाहीर केलं. नानी कोण, यावर तिढा आहे. सांगलीहून नटी आणावी असं सरपंचांचं मत. गुरुजींच्या मंडळी स्वतः करायला तयार आहेत, पण त्यांना स्टेजवर चष्मा काढायला सांगितलं तर येणार नाहीत असं त्यांनी कळवलंय. आणि तरुण पोरांची समजूत म्हणून नाटकाआधी अर्ध्या तासाची एक लव्ह स्टोरी ती स्वतः लिहून बसवणार आहेत. नायिकेचा चुलता कमिटीचा खजिनदार आहे. बघू.

खाडीपार

चष्मा राहू द्या! नानीला चष्मा शोभतोच. आणि मध्यंतर ठेवूच नका, लोक फोन करायला जातात.

गिरणगाव

कामाचं बोलतो. लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी आधी घ्या, मानधन काय ते विचारून घ्या. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या नाटकाचं असतंच, त्याचा क्रमांक मागून घ्या. पोरं जी नवीन लव्ह स्टोरी लिहितायत तिचं मात्र स्वतंत्र लागेल. तो अर्ज आजच करा, चैत्राची वाट बघू नका. पोलीस परवानगी आणि स्पीकरच्या वेळेचं तुम्हाला माहीत असेलच.

पेडणेकरीण

आणि गुरुजींना म्हणावं, संहितेबाहेरचा प्रश्न विचारू नका.

झाडीवाला

गुरुजींचं पाठांतर कच्चं असलं तर सांगा, आमच्याकडचा एक प्रॉम्प्टर उन्हाळ्यात मोकळाच असतो, हंगाम होळीपर्यंत आटोपतो. गाडीभाडं आणि जेवण द्या फक्त. त्याचा आवाज नटाच्या कानापर्यंत जातो आणि पहिल्या रांगेला ऐकू येत नाही, अशी ख्याती आहे. बाकीच्यांनी दिवाळीनंतर या. वडशाला उतरा, स्टेशनबाहेर कुणालाही 'आज नाटक कुठं?' एवढं विचारा. एका रात्रीत चार गावांची नावं सांगतील. जाताना पांघरूण घेऊन जा, पहाटे थंडी लय असते.